कुत्र्याच्या दिवसाचा नाझारियो

नाझारियो इत्झेप जन्मला तेव्हा सुईणीने त्याला पुसून आईच्या कुशीत दिलं आणि बोटांच्या पेरांवर दिवस मोजायला घेतले. मोजून झालं तशी तिने पेजेचा वाडगा उचलला. आईने, रोझेंदाने, विचारलं, कुठला दिवस निघाला? सुईण म्हणाली, आधी पेज पिऊन घे. पेज पोटात गेल्यावर मग सांगितलं: कुत्र्याचा.

मोमोस्तेनांगोच्या डोंगरात माणूस आपल्या दिवसाचा स्वभाव घेऊन जन्मतो. दिवस वीस. हरणाचा, धाग्याचा, वाटेचा, मरणाचा, असे एकामागून एक येतात, संपले की फिरून पुन्हा येतात, आणि ज्या दिवशी माणूस जन्मतो तो दिवस त्याला मरेपर्यंत सोडत नाही. हरणाच्या दिवसाची माणसं चार पायांवर उभी असल्यासारखी घट्ट. धाग्याच्या दिवसाची हाताने कसबी. कुत्र्याच्या दिवसाबद्दल मात्र बायका झऱ्यावर कपडे धुताना बोलत आणि एकमेकींना कोपराने ढोसून हसत. कुत्र्याच्या दिवसाचा बाप्या चांगला असतो, प्रेमळ असतो, पण एका चुलीपाशी टिकत नाही. कुठून वास आला की निघाला.

नाझारियोच्या बाबतीत तर पुरावा घरातच होता. त्याचा बाप तोमास हाही त्याच दिवसाचा. पोर अजून पाठीवरच्या झोळीत होतं तेव्हा तो कॉफीच्या तोडणीला म्हणून किनाऱ्याकडे उतरला आणि वर आलाच नाही. मासे विकणाऱ्या एका बाईबरोबर राहतो असं कुणीतरी येऊन सांगितलं. रोझेंदाने रडून घेतलं, आणि त्यानंतर मुलाला वाढवलं ते एक डोळा मायेचा आणि एक पहाऱ्याचा ठेवून. पोरगा कुंपणापाशी शेजारच्या मुलीशी बोलत उभा राहिला की आतून हाक यायची. जत्रेत त्याची नजर नाचणाऱ्यांवर रेंगाळली की मामा बाकीच्यांना म्हणायचा, "बघा बघा, नाक वर झालं." सगळे हसायचे. नाझारियोही हसायचा. पण घरी अंथरुणावर पडला की तो स्वतःला चाचपडत राहायचा. ते माझ्यात आहे म्हणतात, तर नेमकं कुठे आहे? पोटात? पायात? आज नसलं तर उद्या येणार आहे का?

हा मामा, मार्सेलिनो, घोंगड्या विणायचा. त्याने भाच्याला मागावर बसवलं. लोकर पिंजायची, कातायची, रंगवायची, ताणा भरायचा आणि मग दिवसभर धोटा इकडून तिकडे. पोराला ते काम मानवलं. त्याच्या हातची घोंगडी घट्ट असायची, कडा सरळ. लोक घोंगडीला नावाजायचे आणि जाता जाता म्हणायचे, चार खांबांच्या मागाला बांधलाय म्हणून बसलाय बिचारा.

विणलेली घोंगडी घट्ट व्हायला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेऊन दगडावर पायाने तुडवावी लागते. तिथेच त्याला उलालिया भेटली. ती भावांनी विणलेल्या घोंगड्या घेऊन आली होती. वाफेतून बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू एकाच कोपऱ्यावर नाचतोयस. बाकीची घोंगडी काय आपोआप तुडवली जाणार?" त्याने खाली पाहिलं. खरंच होतं. त्या दिवसानंतर त्याच्या घोंगड्या वारंवार झऱ्यावर न्याव्या लागू लागल्या.

अडचण अशी की उलालिया फ्लोरेन्सियो पोरोखची मुलगी होती. फ्लोरेन्सियो म्हणजे त्या उताराचा दिवस मोजणारा. कुणाचं लग्न कधी, पेरणी कधी, आजार कशामुळे, हे विचारायला लोक त्याच्याकडे यायचे. तो झोळीतून तांबड्या बिया काढायचा, चटईवर त्यांच्या लहान लहान ढिगुल्या मांडायचा आणि एकेका ढिगुलीवरून दिवस पुढे नेत मोजायचा. मोजता मोजता त्याचं रक्त अंगात कुठेतरी फडफडायचं, दंडात किंवा पोटरीत, आणि त्यावरून त्याला उत्तर कळायचं. माणूस सरळ होता. लाच घेऊन गोड दिवस सांगणारा नव्हता.

रोझेंदा आणि मार्सेलिनो मध्यस्थाला घेऊन मागणी घालायला गेले. पाव, चॉकलेट, दारूची बाटली, सगळं रीतीप्रमाणे. फ्लोरेन्सियोने सगळ्यांना बसवलं, बिया मांडल्या, मोजल्या आणि पाव परत दिला. नाही म्हणाला. मुलगा वाईट नाही, कामाचा आहे, पण तो जाणार. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही तेच. आमच्याकडे मुलीच्या बापाने एक-दोनदा नाही म्हणायचंच असतं, पण हे नाही रीतीचं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं.

तिसऱ्या खेपेला नाझारियो स्वतः दारात टोपी हातात धरून उभा होता. फ्लोरेन्सियो बियांच्या झोळीला हात घालणार एवढ्यात उलालिया चुलीपासून उठून आली.

"तात," ती बापाला म्हणाली, "आपल्याकडे कुत्रा आहे. मी लहान होते तेव्हापासून आहे. अंगणाबाहेर गेलेला मी कधी पाहिला नाही."

"तो जात नाही, कारण मी त्याला खायला घालतो."

"मग मीही घालीन."

मार्सेलिनोला हसू आवरेना, त्याने तोंडावर टोपी धरली. फ्लोरेन्सियो मात्र हसला नाही. मग त्याने पाव ठेवून घेतला. होणाऱ्या जावयाला जवळ बोलावून म्हणाला, की माझा तुझ्यावर राग नाही, आणि हे मी बोलत नाही, दिवस बोलतो. तू जाशील. कधी ते मला दिसत नाही. ती परत येईल तेव्हा माझं दार उघडं असेल, एवढंच तुला सांगून ठेवतो. आणि दर वीस दिवसांनी कुत्र्याचा दिवस फिरून आला की डोंगरावरच्या वेदीवर ऊद जाळून मी तुझ्यासाठी माफी मागत जाईन.

"पण मी अजून काही केलेलं नाही, तात," नाझारियो म्हणाला.

"म्हणूनच आधीपासून मागायला लागतो."

लग्न झालं. संसार चालू झाला. एक मुलगी झाली, मग मुलगा, मग आणखी एक मुलगी. नाझारियो विणायचा, आणि महिन्यातून एकदा घोंगड्यांचं ओझं पाठीवर मारून बसने लांबच्या बाजारांना जायचा. तो परत येताना दिसला की रस्त्यावरची माणसं कामं थांबवून बघायची. आला का? आला. बरं. चेहऱ्यावर थोडी निराशा असायची, जशी जत्रेत फटाका न फुटल्यावर असते तशी. मग कारणं निघायला लागली. कुणी म्हणे, त्याचा कुत्रा उशिरा जागा होणारा आहे. कुणी म्हणे, तिकडे बाजाराच्या गावी काय चालतं ते आपण बघायला जातो का? सासरा दर वीस दिवसांनी डोंगरावर धूर करायचा, आणि तो धूर उतारावरच्या सगळ्या घरांना दिसायचा. त्यामुळे ज्यांना विसर पडला असता त्यांनाही आठवण राहायची.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वाट नाझारियोच बघत होता. दुखरा दात असला की जीभ सारखी तिथे जाते, तसं त्याचं मन सारखं तिथे जायचं. बाजारात एखादी बाई घोंगडीचा भाव विचारताना हसली, की तो स्वतःकडे कान लावून बसायचा: हे ते आहे का? आणि नसलं, म्हणजे नुसता भावच ठरला आणि बाई निघून गेली, तरी सुटल्यासारखं वाटायचं नाही. उलट वाटायचं, आज नाही म्हणजे पुढे कधीतरी आहेच. उलालियाला त्याने एकदा विचारलंही, तुला भीती नाही का वाटत? ती लोकर पिंजत होती. म्हणाली, मला सध्या या लोकरीतल्या काट्यांची भीती वाटते, बोटं बघ माझी.

त्याच्या आईने कधीतरी सहज सांगितलं होतं की तोमास गेला तेव्हा तिशीच्या पुढे बराच सरकला होता. नाझारियो त्या वयाला येऊन पोचला.

त्या वर्षी पावसात तो किनाऱ्याच्या बाजूला घोंगड्या विकून परत येत होता. निम्मा घाट चढल्यावर पुढे दरड कोसळली आणि बस अडकली. वर जाता येईना. थोड्या वेळाने खालचा रस्ताही खचल्याची बातमी आली. वळणावर सेलेदोनिया नावाच्या विधवेची खानावळ होती, तिथे सगळे उतारू भिजत जाऊन बसले. पहिल्या दिवशी गर्दी होती. पुढे ज्यांना जमलं ते दरडीवरून चिखलात पाय घालत निघून गेले. नाझारियोच्या मागे न विकलेल्या घोंगड्यांचं ओझं होतं, ते चिखलातून नेलं असतं तर लोकर गेली असती. तो राहिला.

बसून काय करायचं म्हणून त्याने लाकडं फोडून दिली. मग गळणारं छप्पर ठीक केलं. सेलेदोनिया बडबडी होती. तिला हसायला कारण लागत नसे, आणि ती हसली की स्वयंपाकघरातली भांडी वाजल्यासारखी वाटत. ती डोंगरातली नव्हती, स्पॅनिशच बोलणारी. दिवस मोजणं वगैरे तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, तुझा वाढदिवस कधी असतो? त्याने विषय टाळला. तिने सोडून दिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक कोंबडीचा तुकडा वाढला.

दोन दिवसांतच नाझारियोच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि त्याला बसल्या जागी नवल वाटलं. इथे त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. म्हणजे बघत होते, पण फक्त त्यालाच बघत होते: छप्पर नीट करणारा, कमी बोलणारा, टोपी तिरकी घालणारा एक माणूस. त्याच्या मागे कुत्रा उभा नव्हता. जन्मात पहिल्यांदा तो एखाद्या बाईशी बोलताना स्वतःकडे कान लावून बसला नव्हता. खांदे हलके झाले होते. त्याला वाटलं, माणसं अशी जगतात तर. आणि लगेच पुढचं वाटलं: इथेच राहिलो तर?

रस्ता मोकळा झाल्याची हाक आली तेव्हा दुपार होती. वर जाणारी आणि खाली जाणारी, दोन्ही बस खानावळीपाशी थांबायच्या होत्या. सेलेदोनिया हात पुसत दारात आली.

"मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "तू मोठा माणूस आहेस. रात्री मी दोन ताटं वाढणार आहे. एक रिकामं राहिलं तर उचलून ठेवीन, मला काही त्रास नाही."

नाझारियो ओझ्यावर बसला. सवयीने पेरांवर दिवस मोजू लागला, आणि थांबला. कुत्र्याचा दिवस होता. म्हणजे या घटकेला फ्लोरेन्सियो डोंगरावर ऊद पेटवून त्याच्या नावाने माफी मागत असणार. त्याच्या डोक्यात सणक गेली. मी इथे नुसता ओझ्यावर बसलोय आणि तिकडे माझा गुन्हा कबूलही होऊन गेला. तो मनात म्हणाला, राहिलो तर गाव म्हणेल, सांगितलं नव्हतं? गेलो तर गाव म्हणेल, अजून वेळ आहे. दोन्हीकडून बोलणारे तेच. मग मी कुठे आहे यात?

यावर त्याला उत्तर सापडलं असतं तर सांगायला बरं झालं असतं. पण तसं काही झालं नाही. बापाचा चेहरा आठवला नाही, मुलांची आठवण येऊन डोळे भरले नाहीत. वर जाणारी बस आली. पोऱ्याने ओझं टपावर चढवायला हात पुढे केला. नाझारियो उठला, त्याने ओझं दिलं, सेलेदोनियाला टोपी काढून नमस्कार केला आणि बसला. बस दोन वळणं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बसलो आहोत. पुढे कितीदा तरी त्याने ती जागा मनात उकरून पाहिली, उठण्याच्या आधीचा तो क्षण. तिथे त्याला कुणी दिसलं नाही. ढकलणाराही नाही, ओढणाराही नाही. नुसता तोच उठताना दिसायचा.

गावात बसमधून उतरला तेव्हा पारावर बसल्यासारखे लोक चर्चच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि बोलणं बंद केलं. दरडीवरून चालत आलेल्या एका फेरीवाल्याने आधीच येऊन सांगितलं होतं की नाझारियो एका विधवेकडे लाकडं फोडतोय. गावाच्या दृष्टीने विषय संपला होता. आता हा माणूस परत येऊन सगळा घोळ करत होता.

घरी उलालिया चुलीपाशी होती. त्याने ओझं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. छप्पर, लाकडं, दोन ताटं, काही गाळलं नाही. ती ऐकत होती.

"काय खायला घालायची?" तिने विचारलं.

"कोंबडी. टोमॅटोच्या रश्श्यात."

"मिरची?"

"कमी."

"मग बस," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे भाकऱ्यांची टोपली सरकवली.

दुसऱ्या दिवशी दोघं फ्लोरेन्सियोकडे गेली. म्हातारा अंगणात मका सोलत बसला होता. त्याने जावयाचं ऐकून घेतलं, आत जाऊन बिया आणल्या, मांडल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. रक्त कुठेच फडफडेना. तो दंड चोळत बसला. शेवटी नाझारियोनेच विचारलं, "तात, एक सांगा. मी परत आलो तो माझा मी आलो, की तुमच्या उदामुळे आलो?"

म्हातारा चिडला. "इतकी वर्षं गुडघे मोडत डोंगर चढलो. पावसात, उन्हात. आणि आता सगळं श्रेय तुला एकट्याला हवंय?"

"आणि माझा स्वयंपाक?" उलालिया म्हणाली.

यावर मात्र फ्लोरेन्सियो हसला. हसता हसता खोकला आला, तिला त्याच्या पाठीवर थापटावं लागलं. मग शांत होऊन तो म्हणाला की दिवस चुकत नाही, हे मी अजूनही म्हणतो. कुत्र्याने तुला ओढलं, ते तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. पण ओढल्यावर पुढे काय होतं ते दिवसात लिहिलेलं असतं की नाही, हे मला माझ्या गुरूने शिकवलं नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. मी विचारलं नाही, कारण तोवर कुणी परत आलं नव्हतं.

त्यानंतरही त्याने डोंगरावर जाणं सोडलं नाही. फक्त आता माफी मागत नसे. काय म्हणता विचारलं तर सांगायचा, आभार मानतो, धूर तेवढाच लागतो.

फ्लोरेन्सियो गेला, रोझेंदा गेली. मुलं मोठी झाली, थोरली लग्न करून केत्झालतेनांगोला गेली. नाझारियोचे केस लोकरीसारखे झाले. आणि मग हळूहळू एक गंमत झाली. कुणाला कुत्र्याच्या दिवशी मूल झालं की आई त्याला फडक्यात गुंडाळून नाझारियोच्या दारात यायची. तात, जरा मांडीवर घ्या याला. का? तर तुमचा गुण लागू दे. झऱ्यावरच्या बायकांचं बोलणंही पालटलं होतं. नव्या सुना म्हणायच्या, कुत्र्याच्या दिवसाचा नवरा मिळायला नशीब लागतं. कुठेही सोडा, घर हुंगत परत येतोच. कुत्र्याचं तसंच असतं. दिवसच तसा.

नाझारियो एका मांडीवर पोर आणि दुसऱ्या हाताने टोपी सांभाळत हे ऐकायचा आणि आतल्या आत जळायचा. एकदा असंच एक बाळ त्याची मांडी भिजवून गेलं. तो विजार बदलून चुलीपाशी आला आणि उलालियापुढे धुसफुसला.

"जन्मभर म्हणत होते, जाईल, दिवसच तसा. आता म्हणतात, घरी राहिला, दिवसच तसा. म्हणजे मी केलं काय? मी होतो की नव्हतो?"

उलालिया मक्याचं पीठ थापत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"तुझा दिवस निदान सगळ्यांनी मोजला," ती म्हणाली. "तात, तुझी आई, मामा, सगळं गाव. माझा कुणी विचारला?"

"तुझा हरणाचा. सगळ्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण त्यावरून कुणी मोजत बसलं का, की ही राहील की जाईल? तू दरडीपाशी होतास तेव्हा फेरीवाला येऊन सांगून गेला. संध्याकाळी तात आले मला न्यायला. भाऊही आला, गाठोडं उचलायला. तुझी आई कोपऱ्यात रडत होती. मी म्हटलं, तुम्ही जा, मला विचार करू द्या."

हे नाझारियोने कधी ऐकलं नव्हतं.

"मग मी तुझ्या मागाकडे बघत बसले," ती पुढे म्हणाली. "बापाच्या घरी जायचं नाही, हे माझं ठरलं. इथेच राहायचं, मागावर बसायचं, घोंगड्या आपण विणायच्या. आपल्याकडे बाया या मागावर बसत नाहीत, तर न बसोत. आणि खरं सांगू? मला ते आवडलं. सकाळी उठले तर हलकं हलकं वाटत होतं. लोकर किती लागेल तेही धरून झालं होतं. आणि तेवढ्यात तू आलास."

"आलो."

"ओझं ठेवलंस आणि घडाघडा सांगायला लागलास. तुझं ठरून झालं होतं, बसमध्येच. माझं मात्र तिथे उभ्या उभ्या ठरवायचं होतं. तू बोलत होतास आणि मी बघत होते, याला आत घ्यायचं की नाही."

"आणि मी समजलो, तू मिरचीचा विचार करतेयस."

"तोही करत होते."

तव्यावर भाकरी फुगली. तिने ती बोटांनी उलटली. नाझारियोला काय वाटलं ते त्यालाच नीट कळेना. थोडी लाज वाटली, एवढ्या वर्षांत आपण हे विचारलंच नाही म्हणून. पण त्याखाली काहीतरी उबदार होतं. इतकी वर्षं त्याची समजूत होती की या घरात जाऊ शकणारा माणूस एकच, आणि बाकी सगळे त्याच्याकडे बघत बसलेले. आता कळलं की समोरचं माणूसही तेवढंच मोकळं होतं आणि तरी रोज सकाळी इथेच चूल पेटवत आलं. हे कुठल्या बियांत आलं नव्हतं, त्यासाठी कुणी ऊद जाळला नव्हता.

"माग अजून हवाय का?" त्याने विचारलं.

तिने वर पाहिलं. थट्टा करतोय का ते बघितलं. नव्हता करत.

"हवाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने मागाची बैठक तिच्या उंचीला लावून दिली. साठीला टेकलेली बाई मागावर बसलेली बघायला शेजारणी कुंपणापाशी जमल्या. हरणाच्या दिवसाच्या बाईने हे करावं का, यावर त्यांची चर्चा झाली. एकीचं म्हणणं, हरीण डोंगरात भटकणारं, त्याला एका जागी बसवणार कसं? दुसरीचं म्हणणं, हरीण घट्ट असतं, बसलं की बसलं. उलालियाने त्यांना तिथून जा म्हणून सांगितलं, कारण धोट्याचा हिशेब चुकत होता. नाझारियो बाजूला स्टुलावर बसून कांड्या भरून देत होता आणि मधूनमधून शिकवत होता. तिला शिकवलेलं आवडायचं नाही. दोघांची त्या दिवसांत जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या सगळ्या संसारात झाली नसतील.

घोंगडी पूर्ण व्हायला फार दिवस लागले. झऱ्यावर दोघांनी मिळून तुडवली. वाळल्यावर अंथरून पाहिली तर एका बाजूने वीतभर आखूड निघाली. नाझारियो म्हणाला, बाजारात न्यायला हरकत नाही, कुणी बघत नाही इतकं. ती म्हणाली, विकायची नाही.

आता ती त्यांच्याच अंथरुणावर असते. आखूड बाजू नाझारियोच्या वाट्याला आली आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे त्याचे पाय बाहेर राहतात, गार पडतात, तो जागा होतो, पाय पोटाशी ओढून घेतो आणि पुन्हा झोपतो.